भावोजींना हुकूम कोण देणार

सगळं घोडं एका वाक्यावर पेंड खात होतं.

"भावोजी, जमलं तर वरची पट्टी तेवढी उरकता का?"

म्हणणारा तिचा धाकटा भाऊ. ऐकणारा तिचा नवरा. नवरा रंगारी, भिंतीवर अशी सरळ रेघ ओढायचा की साइटवर सगळे त्याला ओळंबा म्हणत. वाक्य ऐकून ओळंबा परांचीवर चढला, फळी सटकली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. आता गुडघा वाकत नाही आणि उजव्या मुठीत ब्रश राहत नाही.

कंपनी म्हणते, हा आमचा कामगार नाहीच. ठेक्यावरचा माणूस. स्वतःचे ब्रश, स्वतःची मर्जी. आमचा विमा आमच्या माणसांना.

चुलीत जावो तुमचा विमा!

थांबा. आधी वकीलबाई.

*

वकीलबाईंची खोली झेरॉक्सच्या दुकानावर. खालच्या यंत्राची धग फरशीतून वर यायची. ओळंब्याचा ताठ पाय ठेवायला त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि उभ्यानं बोलल्या.

"विमा नाही म्हणजे हक्क नाही, असं नसतं. परांची ज्याची, त्याच्यावर हलगर्जीपणाचा दावा लावता येतो. पण चूक आपल्याला दाखवावी लागेल, आणि परांची त्यांनी दुसऱ्याच दिवशी उतरवली. किंवा ते देताहेत ती किरकोळ रक्कम घ्या, सही करा, तोंड कायमचं बंद. किंवा मग दाखवून द्या की कागदावर काहीही लिहिलेलं असो, हा माणूस खरा त्यांचाच कामगार होता. मग चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. भरपाई द्यावीच लागते."

"हेच करू," ती म्हणाली.

"मग सुनावणीत एकच विचारतील. हुकूम कोणाचा चालायचा?"

"माझ्या भावाचा. मुकादम आहे तो तिथे."

ओळंबा छाती काढून बोलला. "हुकूम? मला? मेहुणा आहे तो माझा. विनवायचा बिचारा!"

तिला वाटलं, चांगला पायही आपणच मोडावा याचा.

*

तेच वाक्य पुन्हा.

भाऊ म्हणाला तसं: भावोजी, जमलं तर वरची पट्टी तेवढी उरकता का?

कंपनीच्या वकिलानं लिहिलं तसं: सदर इसमास विनंती करण्यात आली, ती त्याने स्वखुशीने मान्य केली.

तिनं ऐकलं तसं: चढ.

*

भाऊ दारात बसून मुलीच्या बुटाचा तळ चिकटवत होता.

"ताई, खोटं कसं बोलू? हुकूम दिलाच नाही मी. मोठ्या माणसाला हुकूम देतात का? तूच शिकवलंस."

"माझं शिकवणं राहू दे. नाही म्हणाले असते तर?"

"भावोजी नाही म्हणायचेच नाहीत."

"एकदा म्हणाले. वारा सुटला होता तेव्हा. मग?"

तो बूट दाबत राहिला. "मग काय. थोडा आराम दिला त्यांना."

"आराम! आठवडाभर घरी बसवलंस माणसाला, चूल थंड पडली, आणि आराम?"

"वरून आलं होतं ताई! साहेब म्हणाले, नाही म्हणणारा नको. मी काय जहागीरदार आहे? मीही ठेक्यावरच."

"हेच बोल तिथे. एवढंच."

"बोललो तर रस्त्यावर येईन."

"ये की. आम्ही आधीच आहोत तिथे. जागा धरून ठेवते तुझी."

बूट तसाच टाकून तो आत गेला. तिनं तो उचलून घट्ट दाबून धरला, चिकटेपर्यंत. राग भावावर होता, पोरीनं काय केलं होतं?

*

सुनावणीची खोली लांबट. एका टोकाला भरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी, दुसऱ्या टोकाला पाय पसरून कंपनीचे साहेब.

कंपनीच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही यांना हुकूम दिला होता?"

"नाही," भाऊ म्हणाला.

वकील हसत खाली बसला.

वकीलबाई उठल्या. "विनंती नाकारली असती तर?"

"मी नाकारली नसती..." ओळंबा मध्येच बोलायला गेला. तिनं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की तो कळवळला.

भाऊ साहेबांकडे बघत होता. मग त्यानं मान वळवली.

"तर दुसऱ्या दिवशी काम नसतं मिळालं. निरोप साहेबांचा असायचा. चढत नसेल तर काढून टाक. मी फक्त तो गोड करून सांगायचो. घरातलं माणूस ना."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. साहेब उठले आणि फोन कानाला लावत बाहेर गेले. पुढची तारीख पडली.

*

जिन्यातच भावाचा फोन वाजला. त्यानं ऐकला, खिशात टाकला. "गेलं काम," म्हणाला.

ओळंबा कुबडीवर जागच्या जागी थांबला. "माझ्यापायी..."

"तुमच्यापायी नाही!" ती कडाडली. "ज्यानं काढलं त्याच्यापायी. तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसा, आणि ते तुमच्या मानेवर पाय देतील!"

वरून वकीलबाई उतरत होत्या, मागोमाग कंपनीचा वकील. ती जिना अडवून उभी राहिली आणि त्या दुसऱ्यालाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"बाई, खरं बोलला म्हणून या माणसाला आत्ता, इथं जिन्यात, कामावरून काढलं. ठेक्यावरचाच आहे. याला कोणते रस्ते आहेत ते सांगा."

वकील अंग चोरून जायला बघत होता. ती हलली नाही.