हवालदाराच्या पाठीवरची शिखरं

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चिखलीहून एसटीने साखरखेर्ड्याला जायचे आणि जयमाला आत्याच्या कासवाची पाठ मोजायचे. माझा व्हर्नियर कॅलिपर तिच्याकडेच, बिस्किटांच्या डब्यात असायचा. आकडा मी दाराजवळच्या कॅलेंडरवर लिहायचे. आत्याला मिलिमीटर कळत नव्हते. ती एवढंच विचारायची, "वाढला का?"

"वाढला."

मग ती चहा ठेवायची.

कासवाचं नाव हवालदार. आत्याचे यजमान शेषरावमामा यांनी सहा वर्षांपूर्वी तुरीच्या शेताच्या बांधावरून त्याला हातरुमालात बांधून आणलं होतं. मुठीएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. रोज सकाळी ते अंगणाच्या भिंतीकडेने एक पूर्ण फेरी मारायचं, म्हणून हवालदार. पुढच्याच वर्षी मामा गेले. मूलबाळ नव्हतं. घरात ही दोघंच उरली.

तीन वर्षांपूर्वी मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. प्राणिशास्त्राच्या तासाला कळलं, की चांदणी कासव पाळणं गुन्हा आहे. त्याच रविवारी मी आत्याला म्हटलं, "याला बाहेर सोडू नको. कुणी पाहिलं तर वनविभागवाले नेतील."

"काऊन? मी काय चोरी केली का?"

"कायदा आहे, आत्या."

तिने त्याच दुपारी त्याला मागच्या खोलीत हलवलं आणि खिडकीला जुन्या साडीचा पडदा लावला. शेजारची गुलनाज भिंतीवरून विचारायची, "भाभी, हवालदार दिसत नाही, सस्पेंड झाला का?"

"बदली झाली त्याची. आतल्या ड्यूटीवर हाय," आत्या सांगायची.

त्याच वर्षी मी दुसरा सल्ला दिला. वाढीला प्रथिनं लागतात, असं मी शिकले होते. कोणत्या प्राण्याला किती, हे तपासलं नव्हतं. तोवर हवालदार गवत, शेवग्याचा पाला खायचा. आत्या त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ द्यायला लागली. तिच्या घरात अंडं चालत नव्हतं, तरी आठवड्यातून दोनदा ती गुलनाजकडून उकडलेलं अंडं आणायची आणि पदराआड घरात न्यायची.

पाठीवरचे उंचवटे वाढू लागले. तीन मिलिमीटर, सहा, नऊ. चांदणी कासवाला थोडे उंचवटे असतातच, म्हणून मला वावगं वाटलं नाही. आत्या त्यांना शिखरं म्हणायची. "देवळावानी दिसते पाठ. तुह्या सायन्सचा गुण हाय, योगू."

मला ते ऐकायला आवडायचं.

या फेब्रुवारीत मी खोलीत गेले तेव्हा हवालदार पुढे आला नाही. मागचे पाय सरळ मागे पसरलेले होते. मी माप घेतलं. अकरा. नीट धरून परत घेतलं तर दहा, मग साडेनऊ. एकाच जागेचे तीन आकडे कसे येतील? मी कॅलिपर बाजूला ठेवला आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं.

"वाढला का?" आत्याने दारातून विचारलं.

सोमवारी सकाळी आम्ही त्याला टोपलीत घालून चिखलीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कवच दाबलं, पाय ओढून पाहिले.

"ऊन कधी दाखवलं होतं?"

"तीन वर्षं नाही," मी म्हटलं.

"उन्हाशिवाय हाडं बनत नाहीत याची. कवच हाडाचंच असतं. आणि खायला?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे नाही. मग म्हणाले, कॅल्शियम देतो, रोज कोवळं ऊन द्या. पण वनविभागाला कळवावं लागेल. ते येऊन उपचार केंद्रात नेतील. परत मिळणार नाही.

मी आत्याचा हात धरला. तीन वर्षं मी हाच क्षण टाळत होते.

"नेऊ द्या," आत्या लगेच म्हणाली. "जगन ना तो?"

गुरुवारी गाडी येणार असं ठरलं. मी आत्याकडेच राहिले. मंगळवारी सकाळी तिने पडदा काढून टाकला आणि हवालदाराला अंगणात, भिंतीजवळ ठेवलं. त्याने मान पूर्ण बाहेर काढली आणि डोळे मिटले. आत्या पाटावर बसून तो तोंडली, शेवग्याचा पाला काही खाईल का ते पाहत होती. मी तिथेच सगळं सांगितलं. पडदा, डाळ, अंडी, सगळं माझ्याच सांगण्यावरून झालं होतं, आणि त्यानेच तो आजारी पडला होता. तिच्याजवळून त्याला कुणी नेऊ नये म्हणून मी त्याला आत ठेवायला लावलं होतं.

तिने शेवग्याची डहाळी त्याच्या तोंडापाशी सरकवली.

"एक सांग मले," ती म्हणाली. "तू तवाच म्हणाली असती, का तिकडं नेल्यावर बरा राहीन, तर मी देला नसता का? मले इचारलंच नाही वं तू."

बुधवारी आम्ही त्याला परत त्याच जागी ठेवलं. नऊच्या सुमारास त्याने पुढचे दोन पाय हलवले, भिंतीकडेने दोन-अडीच वीत सरकला. आत्या हसली. "निघाला पाह्य ड्यूटीवर." मग तो थांबला. आम्हाला वाटलं, थकला. साडेदहाला मी त्याच्या डोळ्याजवळ बोट नेलं. पापणी हलली नाही.

गुरुवारी वनरक्षक आले. मेलेलं कासवही त्यांना न्यावं लागतं. त्यांनी कागदावर आत्याची सही घेतली आणि हवालदाराला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं. मी कॅलेंडर काढायला हात वर केला, तर आत्या म्हणाली, "राहू दे." बिस्किटांच्या डब्यातून तिने कॅलिपर काढून माझ्या हातात दिला.

बाहेर वनरक्षक खोकं जीपच्या सीटखाली सरकवत होते. आत्या अनवाणीच फाटकापर्यंत गेली.

"खाली नका ठेऊ, भाऊ. तिथं अंधार हाय," ती म्हणाली. "वर ठेवजा. ऊन लागू द्या त्याले."