लवूसाठी विनंती

आमच्या मंडळीला एक खोड आहे. देवाला कमी ऐकू येतं अशी आमची समजूत असावी, कारण मनातल्या मनात प्रार्थना करणं आम्हाला जमतच नाही. परळच्या आमच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये रविवारची भक्ती अर्ध्यावर आली की पाळकसाहेब विचारायचे, "कुणाची प्रार्थना-विनंती आहे का?" मग एकेक जण उठून आपलं दुखणं सगळ्यांसमोर मांडायचा. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला. पाळकसाहेब सगळ्यांची नावं घेऊन मोठ्याने प्रार्थना करायचे, आम्ही आमेन म्हणायचो, आणि बाहेर पडेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत झालेलं असायचं. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

सलोमी उबाळे माझ्या शेजारी बसायची. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती विनंतीला कधीच उठायची नाही. एकदा मी तिला कोपराने ढोसलं, तर म्हणाली, "कुणासाठी उठू? माझं आहे कोण?" आणि वर मलाच भोचक म्हणाली. घरी तिचं तोंड उघडायचं ते जेवायला आणि दूधवाल्याशी भांडायला. ते भांडण ती मुद्दाम लांबवायची, असा माझा संशय आहे.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबतच गेला. चर्चने रविवारी व्हरांड्यात संपकऱ्यांच्या पोरांना दूध-पाव वाटायला सुरुवात केली. रांगेत उभं राहायची लाज वाटणारीही घरं होती. त्यांच्यासाठी महिला मंडळाने घरभेटी वाटून घेतल्या, आणि सलोमीच्या वाट्याला लालबागची एक चाळ आली. तिथे तिसऱ्या मजल्यावर लवू आणि रमा राहायचे. लवू गिरणीच्या साचेखात्यात, मागावर कामाला होता. दोघं मालवणकडची, पदरात दोन मुली.

पहिल्या दिवशी रमाने दार अर्धंच उघडलं. "आमका बाटवूक इलंस काय?"

"दुधाच्या पावडरीने माणूस बाटत असता, तर अख्खं लालबाग एव्हाना माझ्या शेजारी बसून गाणी म्हणत असतं," सलोमी म्हणाली. "घ्यायची तर घे, नाहीतर खालच्या मजल्यावर देते."

रमा हसली. त्या हसण्यावर सलोमी पुढे रोज तीन जिने चढली. आधी उंबऱ्याबाहेर उभी राहायची, मग आत पाटावर बसायला लागली. रमा कोरा चहा करायची. आणलेल्या पावडरीतली चिमूटभरही आपल्या चहात पडू द्यायची नाही अशी सलोमीची सक्त ताकीद होती, पावडर मुलींची. रमाच्या मुली तिला मावशी म्हणायला लागल्या, मग रमाही म्हणायला लागली. काहीतरी वाटायचं म्हणून ती जात होती, हे खोटं. ती बोलायला जात होती. रविवारी माझ्या कानाला लागून ती रमाच्या घरातलं इतकं सांगायची, की पाळकसाहेबांचा उपदेश मला कधी धड ऐकू आला नाही.

एका शनिवारी रमाने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "सोमवारपास्ना ह्ये कामार जातले. मागच्या गेटीन. मुलींकडे बघवत नाय गे मावशी आता."

संप मोडून आत जाणाऱ्याचं काय होतं, ते त्या वेळी लालबाग-परळमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं. सलोमीने तिचा हात धरला.

"कोणाक सांगू नको हां," रमा म्हणाली. "तुझ्या देवाक काय ता सांग. बाकी कोणाक नको."

आणि सलोमीने तेच केलं. देवाला सांगायची आमची एकच रीत, ती तिने पाळली. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, आणि माझ्या शेजारची सलोमी उठून उभी राहिली. मी थक्क झाले. तिने पदर सारखा केला होता. नवरा गेल्यापासून तिला पहिल्यांदाच देवाकडे कुणासाठी तरी मागायचं होतं, आणि त्याचा आनंद तिच्या तोंडावर लपत नव्हता. "लालबागच्या लवूसाठी विनंती आहे," ती म्हणाली. "उद्यापासून तो गिरणीत कामावर जातोय. मागच्या गेटने. प्रभूने त्याला सुखरूप न्यावं, सुखरूप आणावं."

पाळकसाहेबांनी त्यांच्या खणखणीत आवाजात लवूचं नाव घेतलं, गिरणीचं घेतलं, गेटचंसुद्धा घेतलं. आम्ही आमेन म्हणालो. बाहेर व्हरांड्यात दुधाची रांग केव्हाचीच लागली होती, आणि उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या.

सोमवारी लवू गेटपर्यंत पोचलाच नाही. कोपऱ्यावर चौघांनी त्याला गाठलं आणि त्याचा उजवा हात मोडला.

बातमी कळताच सलोमी धावत गेली. जिन्यात बायका बोलायच्या थांबल्या. रमाने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"मी तुका देवाक सांग म्हटलंय. तू चाळीक सांगलंस."

"देवालाच सांगितलं गं. शप्पथ, देवालाच."

"मग चाळीक कोणी सांगला? देवान?"

रमाने दार लावलं. मुलींना खिडकीत यायलाही तिने मनाई केली. पावडर द्यायला मग महिला मंडळातली आमची ललिताबाई जाऊ लागली. तिच्या हातून रमा ती घ्यायची, आणि हे ऐकून सलोमीला बरंही वाटायचं आणि वाईटही.

पुढच्या रविवारी ललिताबाईच विनंतीला उठली. लवूच्या हातासाठी. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, आणि सलोमी भर भक्तीत ओरडली, "नाव घेऊ नका! त्याचं नाव आता कुणी घेऊ नका!" मग ती निघून गेली, आणि पुढे कित्येक महिने आली नाही.

मीच तिच्याकडे जायचे. पण मी म्हणजे जुनी भोचक मैत्रीण. माझ्याने रमाची जागा भरणार नव्हती, आणि हे तिने मला तोंडावर सांगितलं. मला राग आला, तरी जात राहिले. एकदा म्हणाली, "मला प्रार्थना येत नाही आता. तोंड मिटून करायला गेले की शब्द जुळत नाहीत. तोंड उघडलं की वाटतं, भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकतंय." मोठ्याने बोलण्याशिवाय देवाशी बोलायची दुसरी रीत तिला माहीत नव्हती, आणि तेही बोलणं बंद झालं. त्या खोलीत तिच्यासमोर बसून मला इतकं एकटं वाटलं, की तिला किती वाटत असेल याचा विचार मी केला नाही. केला असता तर मला उठून घरी जाता आलं नसतं.

संप संपला असं कुणी जाहीर केलं नाही. काही गिरण्या थोड्या थोड्या सुरू झाल्या, काहींची दारं उघडलीच नाहीत. लवूचा हात वाकडा जुळला होता, त्याला कुणी परत घेतलं नाही. खोली दुसऱ्याला देऊन त्यांनी गावी जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दुपारी रमा सलोमीच्या खोलीवर आली. याआधी ती इथे कधीच आली नव्हती. सलोमी चहा ठेवायला उठली, तर म्हणाली, "बस गे. एक विचारूक इलंय. तू थंय आमच्यासाठी काय मागलंस? नक्की काय?"

पहिल्यांदा सलोमीचे नुसते ओठ हलले. मग तिने सांगितलं, जसंच्या तसं. त्याला सुखरूप न्यावं, सुखरूप आणावं.

रमा खाली बघत ऐकत होती. "बरां मागलंस," ती म्हणाली. "आमच्यासाठी कोण कधी उभ्यान काय मागूक नाय. पण हळू मागूक व्हया होतां, मावशी."

सलोमी रडली. रमाने तिला रडू दिलं, पाठीवरून हातही फिरवला. मग ती जायला उठली. सलोमीने दारात विचारलं, "उद्या एस्टीवर येऊ का गं सोडायला? मुलींना बघेन."

रमा थांबली. आपण यावं असं तिलाही वाटत होतं, असं सलोमी मला अजून सांगते.

"नको," रमा म्हणाली. "चाळीतली सगळी सोडूक येतली. तुका बघतली."

"बरं," सलोमी म्हणाली. अगदी हळू म्हणाली.