मागून येतोय

"आणि तो दुसरा कुठंय?" दार उघडताच हिल्याम्हातारीने आधी हेच विचारले.

ओस्मोच्या पापण्यांवर हिम साचले होते. त्याने सायकल भिंतीला टेकवली, तोंडावरची गोठून कडक झालेली पट्टी खाली ओढली, आणि काही ठरवायच्या आत बोलून गेला, "मागून येतोय. पंक्चर झालंय त्याचं."

"या थंडीत पंक्चर म्हणजे रेइनोचंच होणार," म्हातारी म्हणाली आणि आत जाऊन तिने मेजावर तीन वाट्या मांडल्या.

ओस्मो ओउलू शहरातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायचा. लग्न केले नव्हते. रेइनो बंदरावर क्रेन चालवायचा. त्याचे लग्न झाले होते, पण टिकले नव्हते. नाताळात अख्खे शहर दारे लावून आपापल्या माणसांत बसते. तेव्हा घरात एकट्याने भिंती बघत बसण्यापेक्षा सायकल काढू, ही कल्पना रेइनोची. तेव्हापासून दरवर्षी दोघे बर्फावर न घसरणारे खिळ्यांचे टायर चढवून, मागे तंबूचे बोचके बांधून पूर्वेकडे निघायचे. जंगलात वाटसरूंसाठी उघड्या ठेवलेल्या झोपड्यांत मुक्काम करायचा, चहासाठी बर्फ वितळवायचा. पहिल्या वर्षी बाटल्यांतले पाणी गोठले म्हणून त्यांनी या शेतघराचे दार वाजवले होते. हिल्याने पाणी तर दिलेच, वर दालचिनी घातलेली तांदळाची खीरही वाढली. मग नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी इथे थांबायचे हे ठरूनच गेले. खिरीत एकच बदाम लपवलेला असे. तो ज्याला मिळेल त्याचे वर्ष चांगले जाते म्हणतात. रेइनो त्या बदामासाठी तीनदा वाढून घ्यायचा, आणि तरी तो ओस्मोलाच मिळाला की दिवसभर कुरकुरायचा.

सप्टेंबरात रेइनो झोपेतच गेला. स्वीडनमधून त्याची बहीण आली आणि त्याला घेऊन गेली. ओस्मोला हे कळले ते पुढच्या आठवड्यात, त्याच्या दाराची घंटी वाजवत उभा असताना. जिना पुसणाऱ्या बाईने सांगितले. धुलाईघरात कुणाला रेइनो माहीतच नव्हता, त्यामुळे तिथे सांगण्यासारखे काही नव्हते. रेइनो गेला, हे वाक्य ओस्मोने अजून कुणापाशी उच्चारले नव्हते. डिसेंबर सरत आला तसे त्याने सायकलीवर पिशव्या चढवल्या, कारण नाताळात दुसरे काय करायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते. रेइनो मागून सारखा बोलत असायचा. यंदा वाटभर नुसते खिळे बर्फावर करकरत होते.

खीर खाऊन झाली. तिसरी वाटी भरलेली तशीच होती. म्हातारी दोनदा खिडकीशी जाऊन आली. बाहेरचा उजेड निळसर व्हायला लागला होता. ओस्मो वाटीचा तळ चमच्याने खरवडत बसला. आत्ता सांगू, मग सांगू, असे त्याचे चालले होते.

म्हातारीने एकदम फोन उचलला. शेजाऱ्याकडे बर्फावर चालणारी मोटर होती. रेइनो रस्त्याकडेला अडकलाय, बोटं गळून पडतील त्याची, जरा जाऊन घेऊन ये, असे ती शेजाऱ्याला सांगू लागली. पलीकडचा माणूस बूट घालतोच म्हणाला.

"फोन ठेवा, मालकीणबाई," ओस्मो म्हणाला. "तो नाही येणार."

तिने वळून पाहिले.

"सप्टेंबरातच गेला तो."

फोनमधून शेजाऱ्याचा आवाज येत होता, कुठल्या वळणावर म्हणालात? म्हातारीने फोन पुन्हा कानाला लावला. मग काही काम नाही म्हणाली, त्याला नाताळच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

खोटे का बोललास, हे तिने विचारले नाही. कुठे पुरले, एवढेच विचारले. स्वीडनमध्ये कुठेतरी, ओस्मो म्हणाला. गावाचे नाव त्याला माहीत नव्हते.

"तुला कळवलं नाही कुणी?"

"मला कोण कळवणार? मी कोण लागतो त्याचा?"

तिसरी वाटी उचलून तिने झाकून ठेवली आणि कोट चढवला. नवऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला जायचे होते. पाय चालत नाहीत, गाडी ढकलायला ये, म्हणाली. गाडी म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. म्हातारी पुढे बसली आणि ओस्मो मागच्या दांड्याला धरून ढकलत निघाला. इतक्या वर्षांत तो आणि रेइनो खीर खाऊन लगेच पुढे जायचे. हे दफनस्थान त्याने कधी पाहिले नव्हते.

सगळीकडे मेणबत्त्या होत्या. गावातली माणसे हलक्या आवाजात बोलत थडग्यांवरचा बर्फ झटकत होती. हिल्याने नवऱ्याची मेणबत्ती लावली. मग पिशवीतून आणखी एक काढून ओस्मोच्या हातात दिली आणि भिंतीपाशी असलेल्या ओबडधोबड दगडाकडे मानेने खूण केली.

"ज्यांना दुसरीकडं पुरलंय ना, त्यांच्यासाठी आहे तो. जा."

दगडाभोवती बऱ्याच ज्योती तेवत होत्या. ओस्मो गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढल्याबरोबर बोटे बधिर झाली. दोन काड्या विझल्या. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने आपली पेटती मेणबत्ती पुढे केली, आणि त्याने त्या ज्योतीवर आपली पेटवून घेतली. माझा भाऊ ऑस्ट्रेलियात आहे पुरलेला, ती आपणहून म्हणाली. मग विचारले, "तुमचं कोण?"

ओस्मोने मेणबत्ती बर्फात नीट रोवली. वाऱ्याच्या बाजूने हाताचा आडोसा धरला.

"आम्ही सायकलवर फिरायचो," तो म्हणाला.

बाईने मान हलवली आणि त्याला जागा व्हावी म्हणून ती जराशी बाजूला सरकली.