मार्थाबाईंचं बियाण्याचं मडकं

मी एक जुनं मडकं आहे, मित्रांनो. तिसगावच्या कुंभाराने मला घडवलं, भाजलं आणि बाजारात मांडलं. मार्थाबाईंच्या सासूबाईंनी टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि मला घरी आणलं.

माझ्या पोटात पाणी कधी भरलं नाही. तिथे राहायची ती गावरान बाजरी. सुगीत भरदार कणसं निवडायची, दाणे राखेत घोळायचे, वर कडुनिंबाचा पाला घालायचा आणि माझं तोंड शेणामातीने लिंपायचं. आमच्या मुरमाड रानात थोड्या पाण्यावर तग धरणारी ती बाजरी. बाकी सगळा गाव दुकानातल्या बियाण्याच्या पिशव्यांकडे वळला, ती फक्त माझ्यापाशी उरली.

पावसाचा भरवसा नाही म्हणून घरचा एक नेम होता. अर्धं बियाणं पेरायला काढायचं, अर्धं पुन्हा लिंपून ठेवायचं. पहिली पेरणी जळाली तर दुसरीला हवं ना! या नेमावर हे घर कितीदा तरी तरलं.

पेरणीआधीच्या रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात बियाण्यावर प्रार्थना होते. मार्थाबाई मला डोक्यावरून नेऊन वेदीपुढे ठेवत. मग त्यांचे यजमान दानीएलबुवा कीर्तनाला उभे राहत. काय गोड गळा, मित्रांनो! झांज वाजली की माझ्यातले दाणेसुद्धा थरथरत.

यंदा बुवांनी विश्वासावर कीर्तन केलं. लोक रडले, बुवाही रडले. घरी येताच म्हणाले, "मार्था, यंदा सगळंच पेरू."

"अन् मागं काय ठेवायचं?"

"मागं ठेवायचं म्हंजे देवावर इस्वास न्हाई. आत्ता देवळात मी लोकांना काय सांगितलं?"

"अहो, हे मडकं बी त्यानंच दिलंय की!"

शेजारचे काकासाहेब ओट्यावरून हसले. "बुवा, ढगाला तुमचं कीर्तन ऐकू जातं व्हय? वैनी म्हनत्यात तसं करा."

त्या हसण्याने बुवा जास्तच पेटले. त्यांनी मला पालथं घातलं, तळाची राखसुद्धा झटकली.

जमिनीत ओल होती. बाजरी उगवली, रान हिरवं दिसू लागलं. मग आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. मार्थाबाईंनी हंड्याने पाणी घातलं, पण ते कुठवर पुरणार? सगळं करपलं.

त्यानंतर पाऊस आला. शिवारात दुबार पेरणी सुरू झाली. बुवांनी माझ्यात हात घातला, तळ चाचपला आणि रिकामाच काढून घेतला.

काकासाहेबांनी आपल्या पिशवीतलं बियाणं दिलं. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. पण नंतरच्या उघडिपीत ते पीक तगलं नाही, कणसात दाणाच भरला नाही. आता दोघं ऊसतोडीला निघाली. बुवांची झांज खुंटीलाच राहिली.

जाण्याआधी मार्थाबाईंनी मला पुसलं. राख घातली, पाला घातला, तोंड लिंपलं.

"रिकाम्याला कशाला लिंपतीस?" बुवांनी विचारलं.

"उघडं बघवत न्हाई."

आता घराला कुलूप आहे. मित्रांनो, देवावर विश्वास ठेवा, माझाही आहे. पण तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं मडकं असेल, तर ते भक्तीच्या भरात कुणाला पालथं घालू देऊ नका. आमच्या घरी हे सांगायची वेळ गेली. माझ्या पोटात राख आहे, पाला आहे. बाजरीचा दाणा नाही.