दोन बोटांनी फिरलेलं इंजिन

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. नदीपलीकडे जायला आलेली माणसं जायचं विसरून दादाच्या मोटारनावेभोवती जमली होती, आणि नावेत इंजिनाशेजारी, गावोगाव चमत्कारी तेल विकत फिरणारे तेलबुवा मांडी घालून बसले होते. अंगावर शुभ्र कपडे, हातात चिमुकली बाटली. इंजिनाजवळ बसून कपड्यांवर एक डाग नाही, इथंच लोकांना शंका यायला हवी होती म्हणा!

"आधी ताकदीच्या माणसानं चाक फिरवून बघा," बुवा म्हणाले.

पोती वाहणारा हमाल पुढं झाला. त्यानं दोन्ही हातांनी इंजिनाचं जड चाक धरून जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. चाक वीतभर सरकलं आणि झटक्यात मागं आलं.

"बघितलंत? घर्षण! घर्षण म्हणजे काय? भांडण! लोखंडाचं लोखंडाशी भांडण. सासूसुनांचं माझ्याच्यानं मिटत नाही, पण हे मी मिटवतो." लोक खदखदून हसले. "आता ह्याला आ करायला लावा. तोंड उघडल्याशिवाय औषध जाणार कुठून?"

दादानं भक्तिभावानं इंजिनाच्या डोक्यावरचे, आत डिझेल फवारणारे तिन्ही इंजेक्टर खोलून फडक्यावर ठेवले. त्या तीन भोकांत बुवांनी थेंब थेंब तेल सोडलं, डोळे मिटले आणि दोन बोटांनी चाक ढकललं. चाक गरगर फिरलं. बायकांनी तोंडावर हात ठेवले, हमाल तर बुवांच्या पायाच पडला.

हे सगळं मी गर्दीच्या मागून बघत होते; वाट काढत नावेपाशी पोचले ती नेमकी तेव्हा. मी दादाची धाकटी बहीण. जुनी इंजिनं खोलून पुन्हा बांधायचं माझं वर्कशॉप आहे, आणि हे इंजिनही नुकतंच मीच बांधून दिलं होतं. त्याचे सिलिंडर झिजले की घासून मोठे करायचे, असं इतक्यांदा झालं होतं, की आता घासायला लोखंडच उरलं नव्हतं. असा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला लोखंडी ठोकळा, आता कुठं मिळतही नाही. हे दादाला मी परोपरीनं सांगितलं होतं. सोबत साध्या खनिज तेलाचा डबा दिला होता. "सुरुवातीला हेच तेल. त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. आणि इंजिन नुसतं फिरवत ठेवू नकोस, माणसं भरून कामाला लाव." दादा "हो गं, हो" म्हणाला होता. तो डबा आता कोपऱ्यात तसाच सीलबंद पडला होता.

"दादा, इंजेक्टर परत बसव, मग फिरवायला सांग त्यांना," मी म्हणाले.

बुवा गोड हसले. "ताई, शंका घेतली की तेल नासतं."

"दूध नासतं. तेल कधीपासून नासायला लागलं?"

"तू गप्प बस!" दादा ओरडला. "चार लोकांत माझी शोभा करू नकोस."

आणि माझ्यासमोर त्यानं बुवांकडून विकत घेतलेला निसरड्या तेलाचा अख्खा डबा इंजिनात रिकामा केला. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

"आता दोन दिवस हळूहळू चालू राहू दे," जाताना बुवांनी बजावलं. "ओझं देऊ नका. बाळंतिणीला कुणी कामाला जुंपतं का?" जमलेल्या साऱ्याजणींनी माना डोलावल्या.

ते दोन दिवस इंजिनाची मंद भकभक मला वर्कशॉपपर्यंत ऐकू येत होती. मी दोनदा दादाच्या घरी गेले. वहिनीनं चहा दिला, दादानं तोंड फिरवलं. नाव त्याची, इंजिन त्याचं. मला आत काय होतंय ते कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. असं हात बांधून बसायची वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये.

तिसऱ्या दिवशी नाव माणसांनी भरली. मधल्या धारेत इंजिनानं निळा धूर ओकला, ओढ संपली आणि नाव खाली वाहू लागली. शेजारच्या नाववाल्यानं दोर टाकून ती ओढून आणली. बुवा केव्हाच पुढच्या गावाला गेले होते. दादानं फोन केला तर म्हणाले, "धूर निघतोय ना? आतली भांडणं बाहेर पडतायत."

धक्क्यावर तीच गर्दी होती. मी त्या शेजारच्या नाववाल्याच्या इंजिनाचे इंजेक्टर काढले, तेलाचा एक थेंबही सोडला नाही आणि वहिनीला बोलावलं.

"वहिनी, दोन बोटांनी ढकल."

चाक गरगर फिरलं. मी इंजेक्टर परत बसवले आणि हमालाला बोलावलं. त्यानं जोर लावला तसं चाक वीतभर जाऊन मागं आलं.

"चाकाला घर्षण अडवत नाही, आत दाबली गेलेली हवा अडवते," मी म्हणाले. "भोक उघडलं की हवा निघून जाते. मग कुणीही फिरवावं."

"तरीपण बुवांच्या बोटात काहीतरी होतं बरं का," मागून कुणीतरी पुटपुटलं. मी कपाळावर हात मारला.

मग दादाचं इंजिन उघडलं. सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या लखलखत होत्या.

"किती छान चमकतंय!" हमाल म्हणाला.

"तेच तर वाईट झालं. त्या भिंतींवर मी मुद्दाम बारीक तिरक्या रेघा पाडल्या होत्या. आत वरखाली होणाऱ्या पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर थोड्या घासल्या, की नीट बसतात. नवी चप्पल आधी चावते, मग पायाची होते, तसं. बुवांच्या तेलानं त्यांना घासूच दिलं नाही, आणि ओझं नसल्यामुळं रिंगा भिंतीला दाबून बसल्याच नाहीत. नुसत्या सरकत राहिल्या. जळक्या तेलाचा थर रेघांत भरून भिंती गुळगुळीत झाल्या, आणि आता तेल वर चढून जळतंय."

"मग परत रेघा पाड," वहिनी म्हणाली.

"पाडायच्या तर घासावं लागेल. घासायला काही शिल्लक नाही, वहिनी."

दादा उठला. कोपऱ्यातला सीलबंद डबा फडक्यानं पुसून त्यानं माझ्यापुढं धरला. "हे घालू का आता?"

लहानपणी माझं खेळणं मोडलं की हाच दादा मला जोडून द्यायचा. आज त्यानं माझ्याकडं आशेनं बघितलं आणि मला मान हलवून नाही म्हणावं लागलं.

म्हणून सांगते. कुणी चमत्कार दाखवला, की त्यानं आत काय घातलं ते बघत बसू नका. आधी काय काढून ठेवलं ते बघा, आणि ते परत बसवून दाखव म्हणा. चार लोकांत शोभा झाली तर होऊ द्या. पण डबा ओतायच्या आधी विचारा.