लिफ्टवाल्याचा एकुलता एक वाचक

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी आत्ता इथे गळून पडो!

"बंद करा ते एकदाचं," लिफ्टवाल्याची बायको त्याच्या डब्याचं झाकण दाबत म्हणाली. "तीन वर्षं लिहिताय. वाचणारा एक. आणि तो एक कोण? तुम्हीच!"

"मी कशाला माझंच वाचीन?"

"चुका शोधायला."

चुका शोधायला लिफ्टवाला खरंच रोज आपला ब्लॉग उघडायचा. स्वतःचं उघडणं वाचकांच्या आकड्यात धरत नाहीत, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याचं लिहिणं दोन तऱ्हेचं. एक फोनवरचं स्टेटस. 'मधली इमारत. लिफ्ट बंद. अकराला चालू.' संपलं. तो सांभाळायचा त्या तीन इमारतींतली दोनशे माणसं दात घासायच्या आधी ते बघायची. दुसरं म्हणजे ब्लॉग. त्यात तीस वर्षांत भेटलेल्या लिफ्टांबद्दल पानंच्या पानं. एकीला चौथ्या मजल्यावर उचकी लागायची. एक इतकी मानी, की कुणी लाथ मारली की दोन दिवस दार उघडायची नाही. आणि एक तर मालक वारला त्या दिवशी आपणहून सात वेळा वरखाली करून आली. हे सगळं जीव ओतून लिहायचं आणि खाली काय? 'वाचक: १'.

त्या दिवशी त्याने ठरवलं, शेवटचं लिहायचं आणि दुकान बंद. साडेआठला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून, एका हाताला ग्रीस, दुसऱ्या हातात फोन, त्याने निरोपाचा लेख लिहिला. मग लिफ्ट बंद असल्याची ओळ लिहिली. डोळे भरलेले, त्यामुळे काय कुठे टाकतोय ते धड दिसलं नाही. नऊच्या ठोक्याला त्याने खटका ओढला आणि ब्रेक उघडून बसला.

पाच मिनिटांत जिन्यातून आरडाओरडा. लिफ्टवाला धावत तळमजल्यावर आला. पाचव्या मजल्यावरचा शिंपी शिलाई मशीन खांद्यावर घेऊन घामाघूम उभा.

"लिफ्ट बंद करताना सांगायची काही पद्धत?"

"स्टेटस टाकलंय की!"

"टाकलंय ना! 'माझ्या लाडक्यांनो, आता आपण थांबू या.' अहो, आम्हाला वाटलं तुमच्या घरातलं कुणी गेलं! मी फुलं आणायला निघालो होतो!"

"मशीन घेऊन?"

"वाटेत दुरुस्तीला टाकणार होतो!"

लिफ्टवाल्याने फोन बघितला. निरोप स्टेटसवर, आणि बंदची ओळ ब्लॉगवर. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. सगळी इमारत त्याच्या नावाने बोटं मोडत होती. सहाव्या मजल्यावरची आजी तेवढी तळमजल्यावरच्या बाकावर निवांत बसली होती. तिला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

"आजी, तुम्ही आधीच कशा उतरलात?"

"तूच लिहिलंस ना, नऊ ते अकरा बंद म्हणून."

"कुठे वाचलंत?"

"रोज वाचते तिथेच. आज मात्र एका ओळीत आटोपलंस."

"रोज?" लिफ्टवाला मटकन बाकावर बसला.

"तीन वर्षं. त्या उचकीवालीचं पुढे काय झालं, ते सांगितलंच नाहीस मेल्या!"

शिंपी म्हणाला, "कसली उचकी? कुठाय हे वाचायला?"

अकराला लिफ्ट सुरू झाली. लिफ्टवाल्याने ग्रीसचा हात शर्टाला पुसून आजीसाठी दार धरलं. सहाव्या मजल्यापर्यंत उचकीवालीचं सांगून झालं नाही, म्हणून दोघं आणखी दोनदा वरखाली करून आले.

आता कवळी हलायला लागली, म्हणून कबूल करते. एक गोष्ट मी बनवली. डॉक्टरकडे वगैरे कुठेच जायचं नव्हतं मला. नेहमी पानंच्या पानं लिहिणारा माणूस एका ओळीत आटोपतो म्हणजे काय? बरा आहे ना, एवढंच बघायला सहा मजले उतरले होते.