सांगोल्याचा पाऊस

चनमल्लप्पाने पुण्याहून आलेला लांबलचक घडीचा कागद टेबलावर उलगडला, सांगोल्याच्या आलेखापाशी तो थांबला आणि गालातल्या गालात हसला.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. सोलापूरच्या त्या कचेरीत तालुक्यांच्या पावसाचे आलेख इतकी वर्षं तोच हाताने काढत आला होता. मग हेमावतीबाई आल्या. पुण्यातल्या संगणकाला त्यांनी कार्डांवर एकच आज्ञा लिहून दिली : एक तालुका घे, आलेख छाप, पुढचा घे. चनमल्लप्पाचं महिन्याचं काम तिकडे चहाआधी उरकलं. त्याचं टेबल अडगळीत टाकायचं साहेबांच्या मनात होतं, आणि टेबल गेलं की बदली ठरलेलीच. बाई त्याच्या डोक्यात जात. त्यांनी काही विचारलं, की हा मुद्दाम शिपायाशी कानडीत बोलू लागे.

आता मात्र बाई आयत्या सापडल्या होत्या. आधीच्या तालुक्याचे आकडे पुसायची सूचनाच त्या विसरल्या होत्या. प्रत्येक तालुक्याच्या पावसात मागच्या सगळ्यांचा पाऊस मिसळत गेला होता, आणि शेवटी आलेल्या कोरड्या ठणठणीत सांगोल्यावर कागदावर आभाळ फाटलं होतं.

आज सांगितलं तर बाई गुपचूप दुरुस्त करून मोकळ्या होतील. त्याला ते नको होतं. शुक्रवारच्या बैठकीत, सगळ्यांदेखत त्यांची जिरायला हवी होती. त्याने कागद निमूटपणे साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब कोकणातून नवेच आले होते, इथल्या पावसाचा त्यांना अंदाज नव्हता.

शुक्रवारी तो उभा राहिला.

“साहेब, सांगोल्यात एवढा पाऊस? तितं माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत्यात की! बाईंच्या मशीननं अक्कलकोटापासनं समद्यांचा पाऊस त्यात ओतलाय.”

बाईंनी कागद ओढून घेतला, भराभरा मागेपुढे पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

“बरोबर आहे. चूक माझी आहे, साहेब.”

त्या वाद घालतील, निदान रडतील, असं त्याला वाटलं होतं.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. “अहो, हा आलेख बघूनच बुधवारी मी सांगोल्यातली खडीची कामं बंद केली!”

त्या कामावर ज्यांची चूल पेटत होती, ती माणसं दोन दिवस रिकाम्या हाताने घरी बसली होती.

“तुम्हाला हे केव्हा दिसलं?” बाईंनी चनमल्लप्पाला विचारलं.

“आत्ताच की,” तो म्हणून गेला.

“नशीब, तुमची नजर शाबूत आहे,” साहेब म्हणाले. “कामं सुरू करायला मी आत्ता फोन लावतो. आलेख यापुढे तुम्हीच काढा. आधी सांगोला. बाई, त्यांना आकडे वाचून दाखवा.”

चनमल्लप्पा आपल्या टेबलाशी बसला. टेबल राहिलं होतं. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“गेल्या जूनचा पहिला आठवडा. शून्य.”

त्याने खूण केली.

“दुसरा. शून्य.”

त्याने पुन्हा खूण केली.

“तिसरा. शून्य.”

“कळलं की बाई. समदं शून्यच हाय. मी सरळ रेघ मारतो.”

“नको,” बाई म्हणाल्या. “एकेक आठवडा मांडा.”